बंद पडलेल्या यंत्राच्या पोटातील जबान्या

२०२५ च्या मे महिन्यातील ती संध्याकाळ. दिवसभर चंद्रपूरच्या उन्हाने अंगाची लाही लाही केलेली, आणि पाचच्या सुमारास एकाएकी आभाळ भरून आले. वादळ सुटले. ऊर्जानगरच्या वसाहतीला लागून असलेल्या आमच्या छोट्याशा वाचनालयाच्या पत्र्यावर निंबाची फांदी कोसळली आणि दिवे गेले. ज्या गावाच्या डोक्यावर २९२० मेगावॅट क्षमतेच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या रात्रंदिवस धूर सोडतात, त्या गावात दिवे जावेत याचे आम्हाला आता हसूही येत नाही. दिवे तासाभराने आले. परंतु वाचनालयातील संगणकाच्या आत चालणारा आमचा 'जुना संगणक' काही पुन्हा उठला नाही. निळा पडदा, त्यावर चार इंग्रजी ओळी, आणि पुन्हा तोच निळा पडदा.

यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपासून बदलायची राहिली होती. दोष आमचाच. दर बैठकीत विषय निघे आणि दर बैठकीत 'पुढच्या महिन्यात पाहू' असे ठरे.

वाचकहो, एक संगणक बंद पडला तर त्यात लेख लिहिण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. परंतु त्या बंद पडलेल्या यंत्राच्या पोटात एका गावाच्या म्हाताऱ्यांच्या जबान्या होत्या, आणि त्या जबान्यांवर काही कुटुंबांची जमीन अवलंबून होती. म्हणून ही हकीकत सविस्तर सांगतो. आज घरोघरी, बचत गटांत, पतसंस्थांत, मंडळांत संगणक आहेत. जे आमच्यावर आले ते उद्या तुमच्यावरही येऊ शकते.

जबान्या कशाच्या?

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा २००६ चा कायदा आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी लागू झाले. याच कायद्याच्या बळावर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ साली मिळाला. परंतु जंगलात फक्त आदिवासी बांधवच राहतात असे नाही. झाडीपट्टीत दलित आहेत, ढिवर आहेत, गोवारी आहेत, इतर लहानसहान जाती आहेत. त्यांची गणना 'इतर पारंपरिक वननिवासी' या सदरात होते, आणि त्यांना एक जादा ओझे वाहावे लागते. १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपण त्या जंगलात राहत होतो व त्यावर जगत होतो, हे त्यांना दाखवावे लागते.

ज्या माणसाच्या आज्याला कोणी कधी कागदच दिला नाही, त्याने ७५ वर्षांचा कागद आणायचा कोठून? कायदा करणाऱ्यांनी याचा थोडा विचार केला होता. नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे, तीत सरकारी कागदांबरोबरच, स्वतः दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून धरले आहे. गावची बोडी कोणी खोदली, कोणाच्या शेताला कोणाचा बांध लागून होता, मोहफुलाला कोणते कुटुंब कोणत्या रानात जाई, हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून लिहून घ्यायचे, वाचून दाखवायचे आणि खाली अंगठा घ्यायचा.

२००९ मध्ये मी आणि माझे चार मित्र हेच काम करीत असू. मी तेव्हा नुकताच कारकुनीत लागलेलो. शनिवारी कार्यालय सुटले की गाडी पकडायची, रविवारी गावात बसायचे आणि रात्री परत यायचे. घेतलेल्या जबान्या वाचनालयाच्या संगणकावर टंकलिखित करायच्या आणि अंगठ्याचा मूळ कागद स्कॅन करून ठेवायचा. हे काम पुढे अधूनमधून २०२२ पर्यंत चालू राहिले. गावाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण दावा अजून विचाराधीन आहे.

मूळ कागद गावातील एका पेटीत होते. ती पेटी वाळवीने खाल्ली. आणि ज्यांनी जबान्या दिल्या होत्या, त्यांच्यापैकी बहुतेक माणसे आज या जगात नाहीत.

एप्रिलच्या शेवटी 'पुरावा अपुरा' म्हणून दावे फेटाळल्याचे पत्र आले. वरच्या समितीकडे दाद मागायला कायद्याने ६० दिवस मिळतात. वादळ झाले त्या दिवशी त्यातले ४१ दिवस उरले होते.

संगणकाच्या पोटातला संगणक

आता हा 'जुना संगणक' काय प्रकार होता ते सांगतो. आमचे मूळ यंत्र विंडोज एक्सपीवर चालणारे होते. त्यात मराठी टंकलेखनासाठी जुन्या पद्धतीचा फॉन्ट होता. त्या काळी छापखान्यांतून तोच चाले. २०१५ मध्ये ते यंत्र धापा टाकू लागले. तोपर्यंत एक्सपीला पुरविली जाणारी दुरुस्ती कंपनीने ८ एप्रिल २०१४ पासून बंदच केली होती. नव्या यंत्रावर जुना फॉन्ट चालेना. तेव्हा वस्तीतील एका हुशार मुलाने डिस्क-टू-व्हीएचडी नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनाने जुन्या संगणकाची संपूर्ण हार्ड डिस्क एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून घेतली, आणि नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स घालून त्यात ती चालू करून दिली. यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात, म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक. पडद्यावर एक खिडकी उघडायची आणि त्या खिडकीत आमचा जुना एक्सपी जसाच्या तसा!

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने १९७२ मध्येच आपल्या अवाढव्य यंत्रांसाठी अशी व्यवस्था बाजारात आणली होती. एकाच महागड्या यंत्रावर अनेकांना स्वतंत्र यंत्र असल्यासारखे काम करता यावे, हा तिचा हेतू. १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी स्थापन झाली आणि ही सोय साध्या संगणकांवर आली. व्हर्च्युअलबॉक्स २००७ मध्ये आले, तेही फुकट. आज बँकांची, सरकारी खात्यांची व मोठ्या कंपन्यांची बरीचशी कामे अशाच आभासी यंत्रांवर चालतात.

आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसाच्या भाषेत सांगायचे तर असे आहे : आभासी संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे खऱ्या संगणकावरची केवळ एक फाइल. तिच्या नावापुढे व्हीडीआय, व्हीएमडीके किंवा व्हीएचडी अशी अक्षरे असतात. आभासी संगणक सुरू होवो वा न होवो, ती फाइल जागेवर असेल तर तुमचा माल जागेवर आहे. दुकानाचे शटर अडकले म्हणून गल्ल्यातील पैसे नाहीसे होत नाहीत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी माणूस अर्धा धीर धरतो.

पहिली आज्ञा : हात लावू नका

हा धीर आमच्यात तेव्हा नव्हता. वाचनालयात जमलेल्यांपैकी एकाने सुचविले, "हे मशीनच काढून टाका जी, नवीन टाकू." त्याने माऊसचे उजवे बटण दाबले, 'रिमूव्ह' निवडले. पडद्यावर दोन पर्याय आले. एक, यंत्राचे नाव फक्त यादीतून काढणे. दुसरा, सर्व फाइली पुसून टाकणे. त्याचे बोट दुसऱ्यावर होते. माझी पुतणी, अकरावीतली पोर, ओरडली, "काका, थांबा! त्यात डिलीट लिहिलं आहे!"

त्या पोरीच्या एका ओरडण्याने तेरा वर्षांचे काम वाचले. वाचकांनी हा प्रसंग आपल्या घरच्या मुलींना अवश्य वाचून दाखवावा.

मग मी पुण्यात संगणकाचे काम करणाऱ्या माझ्या भाच्याला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामा, किती वेळा चालू करून पाहिलं?"

"आठ-दहा वेळा."

"आता अजिबात करू नका. प्रत्येक वेळी ते यंत्र डिस्कवर काही ना काही लिहितं. जे शाबूत आहे ते त्याच्या खाली दबेल. आधी पूर्ण फोल्डरची नक्कल काढा, आणि मूळ फोल्डर गुंडाळून ठेवा. जे करायचं ते नकलेवर."

आम्ही हिशेबनीस हे चांगले जाणतो. अफरातफरीचा संशय आला की तपासनीस आधी वह्या ताब्यात घेतो. तो त्यांत खाडाखोड करीत बसत नाही.

नक्कल काढतानाच पहिला अडथळा आला. डिस्कची फाइल होती २३ गिगाबाइटची. पेन ड्राइव्ह ६४ गिगाबाइटचा, रिकामा, तरी फाइल त्यात मावेना. संगणक 'फाइल फार मोठी' असे म्हणे. भाच्याने खुलासा केला. पेन ड्राइव्ह पुष्कळदा एफएटी-३२ नावाच्या जुन्या मांडणीचे असतात, आणि त्या मांडणीत एका फाइलला ४ गिगाबाइटची मर्यादा असते. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने नव्याने फॉरमॅट केला की ती मर्यादा जाते. मात्र असे करताना त्यातील आधीचे सारे पुसले जाते, म्हणून रिकामाच ड्राइव्ह घ्यावा. आम्ही एक बाहेरची हार्ड डिस्क उसनी आणली आणि दोन नकला काढल्या.

याच वेळी खऱ्या संगणकावर रिकामी जागा किती आहे तेही पाहावे. ती संपली की आभासी यंत्र अडून राहते, आणि माणसाला वाटते की सारे बिघडले. अशा वेळी थोडा पसारा दुसरीकडे हलविला की काम भागते. आमचे दुखणे ते नव्हते. लिहिणे चालू असताना वीज गेल्यामुळे एक्सपीची स्वतःची मांडणीच विस्कटली होती.

मूळ वही आणि पुरवणी वही

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याच्या सांगण्यावरून संगणकावर सेव्हन-झिप नावाचे फुकट साधन घातले. एरवी ते गाठोडी बांधायला व सोडायला वापरतात. परंतु ते आभासी डिस्कची फाइलही आतून उघडून दाखवते, यंत्र सुरू न करता! नकलेतील व्हीएचडी फाइल उघडली आणि आत खरोखरच जुन्या संगणकाचे कपाट दिसले. 'जबान्या' नावाचा फोल्डरही दिसला. वाचनालयात टाळ्या वाजल्या.

त्या टाळ्या फार वेळ टिकल्या नाहीत. फोल्डरमध्ये २००९ पासूनच्या जबान्या होत्या, पण २०१९ नंतरचे काहीच नव्हते. आणि अंगठ्यांच्या कागदांचे बहुतेक स्कॅनिंग आम्ही २०१९ नंतरच केले होते! त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढे एकच म्हातारी येत होती. तिने अंगठा उमटवताना विचारले होते, "बाबू, हा कागद मी मेल्यावरही राहील ना जी?" आणि मी "हो आजी" म्हटले होते.

सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, २०१९ मध्ये कोणी स्नॅपशॉट घेतला होता का?" घेतला होता. त्याच हुशार मुलाने नोकरीनिमित्त गाव सोडताना घेतला होता, आणि 'काही बिघडलं तर यावर परत जाता येईल' असे सांगून गेला होता.

येथे वाचकांनी नीट लक्ष द्यावे, कारण बहुतेक जण येथेच फसतात. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल तेथेच गोठते. त्यानंतरचा प्रत्येक बदल एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिला जातो. ती फाइल 'स्नॅपशॉट्स' नावाच्या फोल्डरात, लांबलचक अंक-अक्षरांच्या नावाने पडून असते. म्हणजे मूळ खातेवही ३१ मार्चला बंद केली आणि नंतरच्या नोंदी व दुरुस्त्या पुरवणी वहीत चालू ठेवल्या, असे समजा. मूळ वही एकटी उघडली तर जुना हिशेब दिसतो. पुरवणी वही एकटी उघडली तर काहीच अर्थ लागत नाही. दोन्ही एकत्र लावल्या तरच आजची शिल्लक कळते.

आणखी एक धोका आहे. पुरवणी वही चालू असताना मूळ वहीत कोणी एक आकडा जरी बदलला, तरी दोहोंचा मेळ तुटतो. म्हणूनच आम्ही नकलेवर काम केले ते बरे झाले. असे कितीतरी लोक ती लांबलचक नावाची फाइल 'ही कसली कचरा फाइल' म्हणून पुसून टाकतात.

यावरचा उपाय व्हर्च्युअलबॉक्समध्येच आहे. यंत्राचे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेले, तेथे ते यादीत जोडले, ते सुरू न करता त्याचा 'फुल क्लोन' काढायला सांगितला आणि यंत्राची सध्याची स्थिती निवडली. तेव्हा मूळ व पुरवणी मिळून एकच सलग डिस्क तयार झाली. त्याला दोन तास लागले. ते दोन तास आम्ही चहा पीत, एकमेकांकडे न बघता काढले.

एकाच डिस्कच्या दोन नकला एकाच यादीत जोडू गेले तर व्हर्च्युअलबॉक्स तक्रार करते, कारण प्रत्येक डिस्कला एक ओळख क्रमांक असतो आणि नकलेचा क्रमांक तोच असतो. त्याला घाबरू नये. दुसऱ्या संगणकावर काम केले की हा प्रश्न येत नाही.

दुसऱ्या दाराने प्रवेश

क्लोन मिळाला, पण तोही सुरू होताना तोच निळा पडदा दाखवी. ते साहजिकच होते. आजाऱ्याची हुबेहूब नक्कल काढली तर नक्कलही आजारीच असणार. मग करायचे काय? पुढच्या दाराला कुलूप असेल तर मागच्या दाराने जायचे.

लिनक्स नावाची एक मोफत कार्यप्रणाली आहे. तिची एक फाइल उतरवून घ्यायची आणि ती सीडी असल्यासारखी त्या आभासी यंत्रात घालायची. यंत्र त्या सीडीवरून सुरू होते. एक्सपीची काही गरज लागत नाही. येथे पडद्यावर 'वापरून पाहा' आणि 'स्थापित करा' असे दोन पर्याय येतात. 'वापरून पाहा' हाच निवडायचा. 'स्थापित करा' निवडले तर आतल्या मालावर नवे घर बांधले जाईल!

लिनक्स सुरू झाले. एक्सपीची डिस्क एका कपाटासारखी समोर आली. ती नीट बंद झालेली नसल्यामुळे लिनक्सने ती फक्त वाचण्यापुरती उघडली, आणि आम्हाला तेवढेच हवे होते. विंडोजमधून अशी डिस्क उघडली तर पुष्कळदा 'या फोल्डरासाठी तुम्हाला परवानगी नाही' असे उत्तर मिळते, कारण ते जुन्या संगणकावरील एखाद्या वापरणाऱ्याच्या नावे बंद असते. लिनक्स अशी अडवणूक करीत नाही. मात्र फाइली सांकेतिक कुलपात ठेवलेल्या असतील तर किल्लीवाचून कोणाचेच काही चालत नाही. तेव्हा जे कुलूप लावतात, त्यांनी किल्लीही कागदावर लिहून जपावी.

२०१९ नंतरच्या जबान्या दिसल्या. या वेळी टाळ्या वाजविल्या नाहीत. आधी त्या बाहेरच्या डिस्कवर उतरविल्या, मग एकेक उघडून पाहिल्या, आणि मगच चहा मागवला.

तरीही तीन फोल्डर उघडेनात. त्यांची अनुक्रमणिकाच नष्ट झाली होती. अशा वेळी फोटोरेक नावाचे मोफत साधन कामी येते. ते अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही, डिस्कचे पान न् पान चाळते आणि छायाचित्राची किंवा कागदाची सुरुवात जेथे सापडेल तेथून त्याचा तुकडा उचलते. रात्रभर ते चालले. सकाळी शेकडो फाइली मिळाल्या, पण नावांवाचून. नावाऐवजी नुसते आकडे. अनाथ मुलांच्या मेळ्यासारखे ते दृश्य होते. पुतणी आणि तिच्या दोन मैत्रिणींनी आठ दिवस बसून प्रत्येक चित्र उघडले, अंगठ्याशेजारचे नाव वाचले आणि त्याला त्याचे नाव परत दिले.

काही मंडळींनी 'आधी चेकडिस्क चालवा, सारे ठीक होईल' असा सल्ला दिला होता. तो सर्वस्वी चूक नाही. त्याने यंत्र पुष्कळदा सुरूही होते. परंतु ती दुरुस्ती मांडणी जुळविण्यासाठी असते, तुमच्या कागदांसाठी नसते. जे तुकडे जुळत नाहीत ते ती बाजूला फेकते. म्हणून कागद आधी बाहेर काढावेत, दुरुस्ती नंतर करावी, आणि तीही नकलेवर.

अक्षरे परत आणणे

सर्व झाले असे वाटले तोच नवे संकट उभे राहिले. टंकलिखित जबान्या नव्या संगणकावर उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा नुसता कचरा. जुन्या फॉन्टमध्ये खरे मराठी अक्षर साठविलेलेच नसे. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसविलेले असे. फॉन्ट गेला की मराठी गेली. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती. परंतु छापखान्यांच्या सोयीसाठी आपण सारे पुढे कितीतरी वर्षे जुन्या फॉन्टलाच चिकटून राहिलो.

पुन्हा लिनक्स सुरू केले, आणि एक्सपीच्या विंडोज फोल्डरमधील फॉन्टचा फोल्डर बाहेर काढला. तो बसविताच मराठी परत आली. नंतर रूपांतर करून सर्व जबान्या युनिकोडमध्ये घेतल्या. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात, म्हणून प्रत्येक ओळ मूळ प्रतीशी ताडून पाहावी लागली. ज्यांच्या घरी जुनी स्मरणिका, संस्थेचा इतिहास किंवा वडिलांचे आत्मकथन अशा फॉन्टमध्ये पडून असेल, त्यांनी आजच फॉन्टसकट ते बाहेर काढावे. यंत्र सुरू असताना जे काम एका दुपारचे आहे, ते यंत्र बंद पडल्यावर महिन्याचे होते.

मोठ्यांचेही असेच होते

आमची चूक खेड्यातल्या अडाण्यांची चूक आहे असे कोणी समजू नये. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि कितीतरी फायली जळाल्या. त्या नव्याने उभ्या करण्यासाठी इतर कार्यालयांतील प्रतींचाच आधार घ्यावा लागला. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे माहिती केंद्र जळाले. ज्यांच्या राखीव प्रतीही त्याच आवारात होत्या, अशा ग्राहकांचे सारेच गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील डेजॉन येथे सरकारी माहिती केंद्राला आग लागली, आणि सरकारी नोकरांची कागदपत्रे साठविणारी ८५८ टेराबाइटची व्यवस्था नष्ट झाली. तिची राखीव प्रत नव्हती. जगात प्रगत म्हणविणाऱ्या देशाची ही गत!

म्हणून जाणकारांनी तीन-दोन-एक असा साधा नियम सांगितला आहे. महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. स्नॅपशॉट ही प्रत नव्हे, कारण तो मूळ डिस्कच्याच आधाराने उभा असतो. मूळ गेली की तोही गेला. आणि वर्षातून एकदा तरी राखीव प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न वटविलेला धनादेश. बँकेत गेल्यावरच कळते की खात्यात काही आहे की नाही.

आता वाचनालयात एक संच, ग्रामसभेकडे दुसरा, पुण्यात भाच्याकडे तिसरा असे ठेवले आहे. शिवाय सर्व जबान्या छापून, दोन पुठ्ठ्यांत बांधून ठेवल्या आहेत. कागदाला वीज लागत नाही. वाळवी लागते, म्हणून पेटी आता लोखंडी आहे. यूपीएसची बॅटरीही बदलली; खर्च इतका किरकोळ होता की सांगायची लाज वाटते.

शेवटी

मुदतीचे नऊ दिवस उरले असताना वरच्या समितीकडे अर्ज दाखल झाला. सोबत टंकलिखित जबान्या आणि अंगठ्यांच्या छायाप्रती जोडल्या. छायाप्रतीला मूळ कागदाची सर येत नाही, हे आम्ही गावात स्पष्ट सांगितले. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. सगळे परत मिळाले असेही नाही. अकरा जबान्यांची चित्रे अर्धवट आली आहेत. वरचा मजकूर आहे, पण अंगठ्याच्या जागी करडा पट्टा आहे.

अर्ज देण्यापूर्वी ग्रामसभेत सर्व जबान्या मोठ्याने वाचून दाखविल्या. मला प्रश्न विचारणाऱ्या त्या आजीची जबानीही वाचली. ती आजी २०२१ मध्ये गेली. तिची नात लेकराला कडेवर घेऊन ऐकत उभी होती. वाचन संपल्यावर ती एवढेच म्हणाली, "बाबूजी, आमच्या बोडीची गोष्ट मला आजीनं कधी सांगितलीच नव्हती. याची एक प्रत मला द्या जी."

तिला प्रत दिली. तीन-दोन-एकच्या हिशेबात ती बसत नाही, परंतु सर्वांत भरवशाची प्रत तीच आहे, असे मला वाटते.

तेव्हा वाचकहो, आपल्या मंडळाचा, बचत गटाचा किंवा घरचा संगणक आज सुरू होत असेल, तर आजच संध्याकाळी त्यातील महत्त्वाच्या कागदांची एक प्रत काढून दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि उद्या तो सुरू झाला नाही, तर बटणे दाबत बसू नका. हात मागे घ्या, नक्कल काढा, मग विचार करा. दार उघडत नाही म्हणून घर रिकामे झालेले नसते.